शिवसागरच्या पाण्याखालचं गाव उन्हाळ्यात कधी उघडं पडतं? वडिलांना न्यायचंय

हळदपेठ_सांगली
१२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोयनेच्या बॅकवॉटरची, म्हणजे शिवसागर जलाशयाची, प्रत्यक्ष माहिती असणारं कुणी इथं असेल तर मदत पाहिजे. टेंट, बोटिंग, कॅम्पफायर असलं काही विचारत नाहीये, यूट्यूबवर शोधलं की सगळं तेच येतंय म्हणून इथं लिहितोय.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मूळचे जावळीतले. गाव तापोळा आणि बामणोलीच्या मधे पूर्वेच्या काठाला होतं, आता पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आबा अकरा वर्षांचे होते, १९६१-६२ च्या सुमाराची गोष्ट. दोन बैल, भांडीकुंडी, देव्हाऱ्यातले टाक एवढं घेऊन घर सोडलं, नात्यातलं एक घर सांगलीला होतं म्हणून इकडं आले, आजोबांनी मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली, पुढं आबा तिथंच मापाडी झाले आणि आम्ही पोरं सांगलीकरच झालो. कोयना आम्हाला माहीत ती पावसाळ्यात, 'कोयनेतून विसर्ग वाढवला' अशी बातमी आली की सांगलीवाडीत सामान माळ्यावर चढवायचं एवढीच. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला पूर्ण बुडाला होता. आबा वर बसून खिडकीतून नुसतं बघत होते आणि म्हणाले, हे माझ्या ओळखीचं पाणी आहे. त्या दिवसापासून मला ते वाक्य सोडत नाहीये.

आता ते ७५ चे झालेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि दोन महिने झाले एकच धरून बसलेत की एकदा घराचं जोतं बघायचंय. गेल्या वर्षी मी एका ऑफिसला फोन केला तर त्यांनी दुसऱ्या ऑफिसचा नंबर दिला, त्यांनी तिसरा, आणि तिसऱ्यानं सांगितलं की पर्यटनाची चौकशी असेल तर वेबसाइट बघा. म्हणून आता तुम्हालाच विचारतो. पाणी नक्की कधी उतरतं, उतरल्यावर तिथं जाता येतं का, वनखात्याची परवानगी लागते का, आणि साठ वर्षं पाण्यात राहून जोतं तरी शिल्लक असेल का? नसेल तर तेही स्पष्ट सांगा, मग मी त्यांना नेणारच नाही, तिथं जाऊन काहीच दिसलं नाही तर त्यांना जड जाईल.

बामणोलीचा_लाँचवाला
१२ एप्रिल, रात्री ११:१५

दादा जोती आहेत. लाकूडफाटा, कौलं सगळी लोकांनी गाव सोडतानाच नेली, मातीच्या भिंती विरघळल्या, पण काळ्या दगडाची जोती कुठं जातायत. दरवर्षी वर येतात, गाळ चढलेला असतो पण कोपरे ओळखू येतात. काही ठिकाणी विहिरीचा कठडा दिसतो, वाटेच्या पायऱ्या दिसतात. माझ्या वडलांनी मला लहानपणी प्रत्येक गावाची जागा पाण्यावरून दाखवलीय, वर नुसतं निळं पाणी आणि ते सांगणार की इथं खाली देऊळ, इथं खाली वडाचा पार.

तुम्ही म्हणताय तो भाग मला माहीत आहे. पूर्वेचा काठ आहे म्हणजे परवानगीची कटकट नाही, ती पलीकडच्या काठाला, वासोटा किल्ल्याच्या अंगाला. तिकडं अभयारण्य चालू होतं, वासोट्याला जाणाऱ्यांची नोंद आमच्या बामणोलीत होते आणि पायथ्याला मेट इंदवलीत प्लास्टिकच्या बाटल्यासुद्धा मोजून घेतात. तुम्हाला तिकडं जायचंच नाही.

खरी अडचण वेगळी आहे, ती आधीच सांगतो. तुमचं गाव वरच्या अंगाला आहे, म्हणजे तलावाच्या शेपटाकडं. गाव दिसायला पाणी खाली पाहिजे, आणि पाणी फार खाली गेलं की लाँच तिथवर जात नाही, मग गाळातून चालत जावं लागतं. आबांच्या गुडघ्याला ते जमायचं नाही. गाळ वरून वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या असतात, आपण म्हणतो कडक झाला आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत, म्हशी रुतून बसतात त्यात. म्हणून मधले आठ-दहा दिवसच कामाचे, जेव्हा जोतं उघडं पडलेलं असतं आणि लाँचही त्याच्या जवळ लागते. ते दिवस दरवर्षी पुढंमागं होतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात धरून चाला, नक्की तारीख आज कुणी सांगू शकत नाही कारण पाणी आमच्या हातात नाही, ते पोफळीवाल्यांच्या हातात. 😊

पोफळी_निवृत्त
१३ एप्रिल, सकाळी ७:०५

पोफळीचं नाव निघालं म्हणून लिहितो. कोयना प्रकल्पात माझी तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच डोंगराच्या पोटातच गेली. सांगलीकरांच्या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं असेल तर पाणी जातं कुठं हे समजलं पाहिजे म्हणून जरा लांबण लावतो.

लोकांना वाटतं वीज धरणाच्या भिंतीपाशी तयार होते. तिथं पायथ्याला ४० मेगावॉटचं छोटं वीजगृह आहे, पण खरा कारभार उलट्या बाजूला. नवज्याजवळ तलावातून पाणी बोगद्यात घेतलं जातं, सह्याद्रीच्या आरपार जातं आणि पश्चिमेला साडेचारशे मीटरपेक्षा जास्त खाली कोसळतं, तिथं पोफळीचं भूमिगत वीजगृह. पहिलं जनित्र १९६२ ला फिरलं. पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॉट, तिसरा कोळकेवाडीच्या पाण्यावर ३२०, चौथा एकटाच १०००, पायथ्याचं धरून सगळी बेरीज १९६० मेगावॉट. एकदा वीज तयार झाली की ते पाणी परत कृष्णेला मिळत नाही, वाशिष्ठीतून चिपळूणवरून खाडीला जातं, वाटेत लोटे परशुरामच्या कारखान्यांनाही लागतं. धरण भरलं की १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणी तंटा लवादानं ६७.५ टीएमसी ठरवून दिलेलं. उरलेल्यातलं पूर्वेला शेतीला आणि पिण्याला.

आता तुमच्या कामाचं. कोयनेचं पाण्याचं वर्ष १ जूनला चालू होतं. वर्षभर हिशोबानं वापरत आणायचं आणि मे अखेरीला तळ गाठायचा. जलविद्युतची गंमत अशी की कोळशाच्या केंद्रासारखं तासन् तास तापवत बसावं लागत नाही, काही मिनिटांत मशीन लोडवर येतं, त्यामुळं राज्यात संध्याकाळी दिवे, पंखे, एसी एकदम चालू झाले की कोयनेला हाक येते. उन्हाळा कडक असला की विजेची मागणी वाढते, तेव्हाच सांगलीकडून पाण्याची मागणी वाढते, आणि दोन्हीकडून पाणी उतरतं. म्हणून बामणोलीचे भाऊ तारीख सांगू शकत नाहीत. आम्हीसुद्धा सांगू शकत नव्हतो.

पेपरात टीएमसी छापतात, तुम्ही टीएमसी बघू नका, पातळीचे फूट बघा. तलाव पूर्ण भरतो तेव्हा पातळी २१६३ फूट ६ इंच. खोरं वर रुंद आणि खाली निमुळतं आहे, त्यामुळं वर असताना बरंच पाणी गेलं तरी पातळी हळू उतरते आणि खाली आल्यावर थोडंसं गेलं तरी झपाट्यानं उतरते. एप्रिल संपता संपता रोजचा आकडा बघत चला.

आणि एक गोष्ट, तुमच्या वडिलांच्या संदर्भात मनात आली म्हणून. १३ मार्च १९९९ ला आम्ही लेक टॅपिंग केलं, आशियातलं पहिलं. तलाव रिकामा न करता खालून बोगदा खणत यायचं, तलावाच्या तळाशी खडकाची एक बूच ठेवायची आणि शेवटी ती सुरुंगानं उडवायची, नॉर्वेचं तंत्र. दुसरं २५ एप्रिल २०१२ ला. त्यामुळं आणखी खालचं पाणी घेता यायला लागलं. त्या दिवशी आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, डोळ्यात पाणी होतं, एवढं मोठं काम. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही की पाणी जेवढं खाली जाईल तेवढं कुणाचं तरी गाव जास्त दिवस उघडं राहील. तुमची पोस्ट वाचून आज आलं. आबांना माझा नमस्कार सांगा.

टेंभू_लाभक्षेत्र
१३ एप्रिल, दुपारी १:३०

पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला २१०० घनफूट पाणी, सोडलं अशी बातमी आली की आमच्याकडं गावात पेढे वाटायचेच बाकी असतात. टेंभू योजनेनं ते नदीतून उपसून वर येतं, आटपाडी-खानापूरकडं डाळिंबाच्या बागा त्या पाण्यावर उभ्या आहेत. तुमच्या आबांच्या गावावरचं पाणी आमच्या बागेत येतं हे मी आजवर असं कधी बघितलं नव्हतं. इकडं कधी आलात तर घरी या, एवढंच म्हणू शकतो.

रानवाटा_कराड
१३ एप्रिल, रात्री १०:२०

मी पंधरा वर्षं त्या भागात पक्षी बघत फिरतोय, दोन गोष्टी सांगायच्यात आणि जरा कळकळीनं सांगतो.

पलीकडचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, १९८५ ला झालं, ४२३ चौरस किलोमीटर. २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, म्हणजे आपल्या शिराळ्याकडचा वारणेचा वसंतसागरही त्यातच येतो. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यातही कोयना आहे. हे जंगल एवढं टिकलं त्यात तलावाचा वाटा फार मोठा आहे. पाण्यामुळं रस्ते झाले नाहीत, रस्ते नाहीत म्हणून बंगले झाले नाहीत. महाबळेश्वरच्या बाजूला काय झालंय ते बघा आणि वासोट्याच्या बाजूला बघा, मधे फक्त पाणी आहे.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. पाणी उतरलं की काठाला जो पट्टा उघडा पडतो तो माणसाला उजाड दिसतो पण तसा तो नसतो. ओल असते तोवर त्यावर कोवळं गवत उगवतं आणि मेमध्ये वर जंगलात सगळं वाळलेलं असताना गवे ह्या गवतासाठी आणि पाण्यासाठी खाली येतात. पहाटे किंवा संध्याकाळी गेलात तर सावध राहा, कळपापेक्षा एकटा नर असेल तर जास्त. आणि खाली बघून पाय टाका. टिटवी, नदी सुरय हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खडे आणि अंडी ओळखू येत नाहीत. लोक तिथं गाड्या घालतात, मोठ्यानं गाणी लावतात, ड्रोन उडवतात, सुरय घरटं सोडून उठतात आणि उन्हात अंडी दहा मिनिटांत शिजतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय. मुनावळ्याला २०२४ ला जलपर्यटन केंद्र झालं, तिथं स्पीडबोटी आणि जेट स्की आहेत, आणि समोर व्याघ्र प्रकल्प. मला हे पटत नाही. तलाव वीजेसाठी झाला, ठीक, जंगलाला त्याचा फायदा झाला, ठीक, पण आता प्रत्येक काठावर मजाच पाहिजे का?

कांदाटी_खोरं
१४ एप्रिल, सकाळी ८:५०

रानवाटा दादा तुमचं पक्ष्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आमच्या पोरांनाही आम्ही तेच सांगतो. पण 'मधे फक्त पाणी आहे म्हणून जंगल टिकलं' हे वाक्य पलीकडच्या काठावर राहून वाचा एकदा.

मी पलीकडचाच. १९६० च्या दशकात खालची गावं बुडाली, ज्यांना कुठं जायचं नव्हतं ते वर डोंगरात सरकले. पाण्यानं रस्ता तोडला. दवाखाना तापोळ्याला, बाजार तापोळ्याला, मधे तलाव. बाळंतीण लाँचमधून नेलीय आम्ही, रात्री, पावसात. मग अभयारण्य आलं, मग व्याघ्र प्रकल्प आला, आणि जे पाण्यामुळं एकदा उठले होते त्यातल्या काही गावांना परत उठा म्हणून सांगितलं. एका आयुष्यात दोनदा. आणि जी वीज झाली ती डोक्यावरच्या तारांनी मुंबईला गेली, आमच्यात दिवा यायला पुढची कितीतरी वर्षं गेली. पोरगा सोळा वर्षांचा झाला की मुंबईला माथाडीत, हा आमचा रोजगार. माझे तीन भाऊ तिकडंच आहेत, गावात म्हातारी माणसं आणि कुलपं.

आता गेल्या काही वर्षांत लोक फिरायला यायला लागले तर कुणी बोट घेतली, कुणी दोन खोल्या बांधल्या, कुणाची आई तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण करून विकते. चार पोरं मुंबईहून परत आली. ही मजा नाही, हे पोट आहे. जेट स्की मलाही नको, तिच्या लाटेनं काठाला बांधलेल्या होड्या आपटतात, आणि तिचं पोट भरणारा आमच्यातला नसतोच. पण लाँच आणि जेट स्की एका मापात मोजू नका.

हळदपेठ भाऊ, तुम्ही आबांना नक्की घेऊन या. बाकी काही विचार करू नका.

रानवाटा_कराड
१४ एप्रिल, सकाळी ११:१०

तुमचं बरोबर आहे. 'मजा' हा शब्द मी सगळ्यांना मिळून वापरला, तो चुकला. लाँचवाल्यांना मी कधीच विरोध केलेला नाही, उलट गवे कुठं उतरतात हे मला दरवेळी लाँचवाल्यांनीच सांगितलंय. मोठं इंजिन आणि लाउडस्पीकर ह्याबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही.

कांदाटी_खोरं
१४ एप्रिल, सकाळी ११:३२

त्याबद्दल माझंही तेच.

कोयनानगर_जन्म
१४ एप्रिल, रात्री ९:००

जरा वेगळं. माझा जन्म कोयनानगरचा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला भूकंप झाला तेव्हा मी तान्हा होतो, आईनं मला घेऊन बाहेर उडी मारली आणि मागं भिंत पडली. १८० च्या आसपास माणसं गेली. नंतर धरणाला मागून काँक्रीटचा आधार दिला. तलावाच्या पाण्याच्या भारानं भूकंप होतात का ह्यावर जगभरचे शास्त्रज्ञ इथं येऊन अभ्यास करतात, कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळाच आहे, तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या आत काय चाललंय ते बघतात. तलावाचा विषय निघाला की लोक बोटी आणि वासोटाच बोलतात, म्हणून लिहिलं. आबांच्या वयाच्या माणसाला गाव सुटल्यावर पुन्हा पाच-सहा वर्षांत ही बातमी आली असेल तेव्हा काय वाटलं असेल.

हळदपेठ_सांगली
१५ एप्रिल, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळे रिप्लाय आबांना वाचून दाखवले. कांदाटीवाल्या भावांचा वाचताना ते मधेच म्हणाले की थांब, परत वाच. पोफळीवाल्या साहेबांचा लेक टॅपिंगचा भाग ऐकून बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, त्या माणसाची नोकरी डोंगराच्या आत होती म्हणजे त्याला दिवसा ऊन दिसत नव्हतं का.

कोयनानगर भाऊ, भूकंपाच्या पहाटे आमची सांगलीतली भांडीसुद्धा फळीवरून पडली होती म्हणे. आजी उठली आणि म्हणाली, तिकडं काहीतरी झालं. 'तिकडं' म्हणजे कुठं हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

लाँचवाले भाऊ, तुम्हाला मेसेज करतोय.

बामणोलीचा_लाँचवाला
४ मे, संध्याकाळी ६:४५

दादा, आज तिकडून फेरी मारून आलो. पातळी २१०० फुटांच्या आसपास आलीय आणि वरच्या आळीची जोती उघडी पडलीत, चार-पाच तरी दिसतायत. लाँच अजून पन्नास-साठ पावलांवर लागते, तिथून पुढं मुरुमाची जागा आहे, गाळ नाही. आठवड्याच्या आत या. काठी आणा आणि सकाळी सातला निघायचं, दुपारनंतर वारा सुटतो आणि रुंद पात्रात लाँच हलते, म्हाताऱ्या माणसाला नको.

हळदपेठ_सांगली
११ मे, रात्री ११:५०

जाऊन आलो. झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काल रात्री साताऱ्यात मुक्काम केला, पहाटे कासवरून बामणोलीला उतरलो. धक्क्यापासून पाणी बरंच लांब गेलेलं, भाऊंनी आबांना हात धरून उतरवलं, लाइफ जॅकेट घातलं. तासाभराचा प्रवास. आबा खाली पाण्याकडं बघतच नव्हते, सारखे वर डोंगराकडं. डोंगराला वरपर्यंत एक सरळ रेघ दिसते, तिच्या वर झाडी आणि खाली उघडी तांबडी माती, पाणी भरल्यावर कुठवर येतं ती खूण. मी त्यांना म्हटलं आबा जागा कशी ओळखणार, तर म्हणाले जमीन बदलली असंल पण डोंगर कुठं जातोय. आणि खरंच, भाऊ काही बोलायच्या आधी त्यांनीच हात केला, त्या दोन शेंड्यांच्या मधी सूर्य बुडायचा, त्याच्या बरोबर समोर आमचं दार.

पन्नास पावलं चालायला वीस मिनिटं लागली. जोती आहेत. गुडघाभर उंच, काळे दगड, कडेनं गाळ चढलेला, मधे हिरवं बारीक गवत आणि त्या गवतात गव्याच्या खुरांचे ताजे ठसे, माझ्या पंजापेक्षा मोठे. आबा एकेक जोतं ओलांडत नावं घेत चालले होते, हे अमक्याचं, हे सुताराचं, इथं गुळाची ढेप मिळायची. आणि मग आमचं. पायरीचा दगड डाव्या अंगाला झिजलेला आहे, आजी तिथं विळा घासायची म्हणून, हे त्यांनी मला गाडीतच सांगितलं होतं. तो दगड तिथं आहे आणि डाव्या अंगाला झिजलेला आहे. मी त्यावर हात फिरवला.

ते आत चढणार तेवढ्यात एक टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत गेली, परत आली, परत गेली. रानवाटा दादा तुमचं आठवलं आणि मी आबांना थांबवलं. जोत्याच्या मधोमध, जिथं ते म्हणतात की चूल होती त्याच्या जवळ, चार अंडी. खड्यांसारखीच, तुम्ही सांगितलं नसतं तर पाय पडला असता. मी म्हटलं कडेनं चढू आपण, पण आबा म्हणाले नको, ती राहतीय ना आता, उन्हात तिला उठवायचं नाही. साठ वर्षांनी माणूस आपल्या घराच्या पायरीपाशी आला आणि आत गेला नाही. शेजारच्या, सुताराच्या जोत्यावर बसले, आणि तिथून अर्धा तास आपलं घर बघितलं. टिटवी गप्प झाली आणि परत अंड्यांवर येऊन बसली. आबा मला म्हणाले, टिटवीनं उंचावर अंडी घातलीत, यंदा पाऊस मोठा आहे.

काही उचलून आणलं नाही. डब्यातल्या दशम्या तिथंच खाल्ल्या, कागद परत आणले. भाऊंनी पैसे घ्यायला नकार दिला, मी जबरदस्तीनं डिझेलचे तरी दिले.

पोफळी_निवृत्त
१२ मे, सकाळी ६:५५

दोनदा वाचलं. घरात मंडळींनाही वाचून दाखवलं.

रानवाटा_कराड
१२ मे, सकाळी ९:१५

आबांना दंडवत सांगा. अंड्यांतून पिल्लं पाणी चढायच्या आत बाहेर पडतील, टिटवीची पिल्लं जन्मल्याच दिवशी पळायला लागतात. काळजी करू नका म्हणावं.

हळदपेठ_सांगली
९ ऑगस्ट, रात्री ८:३०

बऱ्याच जणांनी मेसेज करून आबांची तब्येत विचारली म्हणून धागा वर आणतो. बरे आहेत. पाऊस तुम्ही बघताच आहात, आमच्याकडं नदी पात्राबाहेर यायच्या बेतात आहे, सामान निम्मं माळ्यावर गेलंय.

आधी पेपर आला की आम्ही सगळे कोयनेचा विसर्ग किती एवढंच बघायचो. आता आबा पेपर हातात घेतात आणि पहिल्यांदा पातळीचे फूट शोधतात. लाँचवाल्या भाऊंनी त्यांना सांगून ठेवलंय की तुमची पायरी २१०० ला. आज सकाळी पेपरात २१५० होतं. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि आईला म्हणाले, उंबऱ्यावर पन्नास फूट.